सोळा तिकिटं नकोत, दोनच मागा

पत्र ठाण्याहून आलं आहे. लांब होतं, थोडं आटोपतं करून देते.

"नौपाड्यात आमची बालनाट्यसंस्था २४ वर्षं चालू आहे. मी कार्यवाह. तालमी महापालिका शाळेच्या हॉलमध्ये, प्रयोग मिळेल तिथे, बहुतेक शाळांमधून. गेल्या महिन्यात जर्मनीतल्या एका छोट्या शहरातल्या बालनाट्यगृहाचा ईमेल आला. कळव्याच्या शाळेतल्या आमच्या खाडीवरच्या नाटकाचं चित्रीकरण त्यांच्या दिग्दर्शिकेने पाहिलं होतं. तिने विचारलंय, 'तुमच्याकडची मुलं मध्येच नटाला उत्तरं देतात आणि नट ती उत्तरं घेऊन पुढे जातो. हे तुम्ही कसं बसवता? आमची मुलं गप्प बसून बघतात.' पुढे लिहिलंय की तिथल्या एका प्रवास अनुदानातून दोघांना दहा दिवस बोलावता येईल, अर्ज दोन्ही संस्थांनी मिळून करायचा. इथे आमच्यात फाटाफूट झाली. आमचे संस्थापक सर ७६ वर्षांचे. ते म्हणतात, जायचं तर सोळाच्या सोळा जणांनी नाटक घेऊन जायचं, तिथल्या मराठी मंडळींना सांगून प्रयोग लावू. खजिनदार म्हणतात, परदेशी पैशाला हात लावलात तर नोटीस येईल. एक सभासद दुसऱ्याच एका 'आंतरराष्ट्रीय महोत्सवा'चं आमंत्रण घेऊन आलेत: माणशी फी भरायची, प्रयोग आणि ट्रॉफी मिळणार. दोघांनीच जायचं तर कोणी, यावरून बोलणं बंद झालंय. त्या नाटकात खेकड्याचं काम करणारी आमच्या संस्थेतली मुलगी जावी असं मला वाटतं. बारा वर्षांपूर्वी ती आमच्याच प्रेक्षकांत बसून ओरडायची, आता महापालिकेच्या शाळेत शिकवते. पण मी काही बोलले की पक्षपात ठरतो. माझं इंग्रजीही बेताचं. जर्मनीला काय उत्तर देऊ?"

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य त्या दिग्दर्शिकेचं आहे. परदेशातून कौतुकाची पत्रं येतात, 'व्हेरी कलरफुल' म्हणतात आणि तिथेच थांबतात. या बाईंनी तुम्हाला प्रश्न विचारलाय, आणि तोही कामातला. तुमचं नाटक पाहून त्यांना स्वतःच्या प्रेक्षागृहातली शांतता खटकली. असं माणूस समोरून चालत आलंय, तर ते हातचं जाऊ देऊ नका. आधी साधं उत्तर पाठवा, समितीचं भांडण मिटण्याची वाट बघू नका. महिनाभर उत्तर आलं नाही की समोरच्याला वाटतं, यांना रस नाही.

आता सरांच्या सोळा जणांबद्दल. 'प्रवास अनुदान' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दौरा येतो: ट्रंका, सेट, विमानतळावरचा ग्रुप फोटो. त्यासाठी वेगळी दारं आहेत. १९५० मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद कलापथकं परदेशी पाठवते, तिच्या पॅनेलवर यावं लागतं, तो रस्ता लांबचा पण रीतसर आहे. तुम्हाला देऊ केलेलं अनुदान निराळ्या कामाचं आहे. दोन संस्थांनी एकमेकींची तालीम बघावी, एकमेकींचे प्रेक्षक बघावेत, पुढे एकत्र काही करता येईल का ते ताडावं, एवढ्यासाठी ते असतं. मी पाहिलेल्या अशा अर्जांत विमानाचं तिकीट, राहणं, दिवसाचा भत्ता, व्हिसाची फी आणि विमा बसतो. सेट, कपडेपट, नटांची मानधनं बसत नाहीत. तिथे सोळा जणांचं अंदाजपत्रक टाकलंत तर वाचणाऱ्याला कळेल की यांनी अटी वाचलेल्याच नाहीत.

इतकी माणसं नेण्याचा अनुभव मी घेतलाय, म्हणून हे जिव्हाळ्याने सांगते. काही वर्षांपूर्वी आमचा चौदा जणांचा चमू युरोपातल्या एका शहरात गेला. तीन प्रयोग, तिन्ही भरलेले, मराठी घरांतून डबे, डोळ्यांत पाणी. तो आनंद खरा होता आणि ज्यांनी आम्हाला घरी ठेवून घेतलं त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पण दुसऱ्या प्रयोगाला तिथल्या एका नाट्यगृहाचे दिग्दर्शक आले होते. भाषा कळत नसताना दोन तास बसले. नंतर मागच्या दाराशी हातात कार्ड घेऊन उभे राहिले. आम्ही ट्रंका चढवत होतो, हॉल दहाला रिकामा करायचा होता. कोणीतरी कार्ड घेतलं, "थँक यू, थँक यू" म्हटलं. ते दहाएक मिनिटं उभे होते, मग गेले. कार्ड कपडेपटाच्या ट्रंकेत गेलं असावं, परत आल्यावर ती ट्रंक मी तीनदा उपसली. चौदा माणसं नेली, पण त्यांच्याशी बोलायला एकही मोकळं नव्हतं.

एक-दोन माणसांच्या जाण्याने काय होतं, त्याचे दाखले आपल्याच बालरंगभूमीत आहेत, आणि सरांना ते माहीत असणार. सुधा करमरकर अमेरिकेत बालनाट्याचा अभ्यास करून आल्या आणि १९५९ मध्ये त्यांनी लिटल थिएटर सुरू केलं. मुलांचं नाटक हे गॅदरिंगपुरतं नसून पूर्ण ताकदीने करायचं काम आहे, हे मराठी घरांना तिथून पटू लागलं. डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनचं मुलांसाठीचं ग्रिप्स थिएटर जवळून पाहिलं, मॅक्स म्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्राची साथ मिळाली, तिथले दिग्दर्शक वुल्फगांग कोलनेडर पुण्यात येऊन मराठी नटांबरोबर तालमीला उभे राहिले आणि १९८६ पासून ग्रिप्स मराठीत रुजलं. मोठ्या नटांनी मुलं व्हायचं, राजा-राणी बाजूला ठेवून घरातले, शाळेतले, पोरांच्या खऱ्या अडचणींचे विषय घ्यायचे, ही रीत तिथून आली. तुमच्या खाडीच्या नाटकातही ती थोडी उतरलीय. जर्मनीशी मराठी बालनाट्याचं हे नातं इतकं जुनं आहे, ते अर्जात एका वाक्यात जरूर लिहा. त्या बाईंनाही आनंद होईल.

फी भरून ट्रॉफी मिळणाऱ्या महोत्सवाचा विचार सोडा. माणशी पैसे घेणारं आमंत्रण म्हणजे सहल आहे. सहलीला जायला हरकत नाही, संस्थेच्या पैशाने मात्र जाऊ नये. खऱ्या अनुदानाच्या अर्जाला सहसा फी नसते, आणि तिथे पैसा त्यांच्याकडून तुमच्याकडे येतो, उलटा जात नाही.

खजिनदारांची भीती अस्थानी नाही. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना घेऊन बसा. परदेशी अंशदान नियमन कायदा, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, तो २०१० चा आहे आणि २०२० मध्ये तो आणखी कडक झाला. परदेशी देणगी किंवा अनुदान संस्थेच्या खात्यात घ्यायचं तर गृह मंत्रालयाकडे नोंदणी हवी किंवा त्या विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी लागते आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. शिवाय ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच उतरते. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदलेला आहे एवढ्यावर हे भागत नाही, ही चूक अनेक संस्था करतात. नौपाड्याच्या बँकेतल्या तुमच्या चालू खात्यात युरो आले तर खजिनदारांचं म्हणणं खरं ठरेल.

म्हणून पैसा इकडे आणूच नका. अर्ज दोन्ही संस्थांचा असू दे, पण रक्कम जर्मन संस्थेकडे राहू दे. तिकीट त्यांनी काढायचं, राहण्याची सोय त्यांनी करायची, विमा त्यांनी भरायचा. कायद्याच्या भाषेत हे परदेशी आदरातिथ्य झालं, आणि तुमच्या-माझ्यासारख्या साध्या नागरिकाला त्यासाठी परवानगी लागत नाही. परवानगी लागते ती लोकप्रतिनिधी, राजकीय पक्षांचे पदाधिकारी, न्यायाधीश, सरकारी नोकर आणि सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थांमधले कर्मचारी यांना. इथे मला तुमची खेकडा झालेली मुलगी आठवली. ती महापालिकेची शिक्षिका आहे. तेव्हा तिला ही अट लागू होते असं धरूनच चाला: आधी शिक्षण विभागाकडे लेखी अर्ज, रजा आणि ना-हरकत, त्याबरोबर केंद्राची परवानगी लागते का याची लेखी विचारणा. लागली तर एफसी-२ हा अर्ज गृह मंत्रालयाकडे ऑनलाइन करता येतो. तिकिटं काढल्यावर हे सुचलं तर फार धावपळ होईल. तुमच्या सीएंना या दोन परिच्छेदांचं कात्रण दाखवा आणि त्यांचं मत कागदावर घ्या, म्हणजे खजिनदार निर्धास्त होतील.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, दोघं कोण. नावं घेऊन सभेत बसलात तर काही निष्पन्न होणार नाही. आधी कसोटी ठरवा आणि ती वहीत लिहा. मी तीन गोष्टी बघते. ज्या प्रश्नासाठी बोलावणं आलंय त्याचं उत्तर या माणसाच्या अंगात आहे का. पुढची दहा वर्षं हा माणूस संस्थेत काम करणार आहे का. आणि परत येऊन इतर चौदा जणांना तो शिकवेल का, की फोटो दाखवून थांबेल. इंग्रजी या यादीत नाही, ते मुद्दाम.

या कसोटीवर तुमची मुलगी पहिली येते, यात मला शंका नाही. तुम्ही पाठवलेलं चित्रीकरण मी दोनदा पाहिलं. खेकडा विचारतो, "पाणी काळं कोणी केलं?" आणि तिसऱ्या रांगेतला एक मुलगा उभा राहून ओरडतो, "माझ्या काकांच्या कारखान्याने!" हॉल हसतो. ती हसत नाही. ती दोन पावलं आडवी चालत, खेकड्यासारखीच, त्या मुलासमोर येते आणि विचारते, "काका घरी आल्यावर त्यांच्या हातांना कसला वास येतो?" मुलगा विचारात पडतो. सगळा हॉल त्याच्याबरोबर विचारात पडतो. मग ती वळून नाटकात परत जाते. जर्मनीतल्या बाईंना जे हवंय ते या अर्ध्या मिनिटात आहे. हे लिहून देता येत नाही, शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

दुसरं नाव माझ्या मते तुमचं. तुम्ही स्वतःला यादीत धरलंच नाहीत, हे पत्र वाचताना मला टोचलं. २४ वर्षं शाळांच्या मुख्याध्यापकांना फोन कोण करतं, कोणत्या शाळेत किती इयत्ता एकत्र बसवायच्या हे कोण ठरवतं, प्रयोगानंतर शाळेच्या बाईंना चहाबरोबर कोण विचारतं की मुलं काय बोलली? मुलं बोलती होतात ती नटामुळे, आणि त्याआधी वर्गात तुम्ही केलेल्या तयारीमुळेही. भागीदारी टिकवायला पत्र लिहिणारं, हिशोब ठेवणारं, शब्द पाळणारं माणूस लागतं. स्वतःचं नाव स्वतः मांडू नका, कसोटी मांडा, नाव समितीला काढू दे. नाही निघालं तर तेही मान्य करा.

सरांना काय सांगायचं? सरांना डावलून ही भागीदारी उभी राहू नये असं मला मनापासून वाटतं, कारण ही पद्धत त्यांचीच. तेव्हा जाण्याआधी एक दुपार त्यांच्यासमोर कॅमेरा लावून बसा. मुलांनी मध्येच बोललं तर चालेल, हे त्यांना पहिल्यांदा कधी सुचलं, कोणत्या प्रयोगात फसलं, कोणत्या मुलाने त्यांना गप्प केलं, सगळं बोलतं करा. त्याला इंग्रजी उपशीर्षकं देऊन ते चित्रीकरण बरोबर न्या. आणि अर्जातच लिहा की दुसऱ्या टप्प्यात जर्मन दिग्दर्शिका ठाण्यात येऊन सरांच्या तालमीत बसणार आहे. ७६ व्या वर्षी दोन विमानं बदलून थंडीत जाण्यापेक्षा आपल्या हॉलमध्ये, आपल्या खुर्चीवर बसून शिकवणं हा मोठा मान आहे. हे त्यांना तुम्ही एकांतात, सभेच्या आधी सांगा. सभेत ऐकलं तर ते दुखावतील.

दिग्दर्शिकेचं हे ठाण्यात येणं मी केवळ सरांसाठी सुचवत नाही. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ इथे येऊन मराठी नटांबरोबर काम करत होते आणि विजया मेहता तिकडे जाऊन जर्मन नटांना दिग्दर्शन करत होत्या. नातं दोन्ही बाजूंनी चाललं म्हणून ते वर्षानुवर्षं टिकलं. त्या बाईंना बोलवायचं तर शाळांचं वेळापत्रक आधी बघा. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते जानेवारीअखेर हा काळ चांगला, मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, जूनपासून पाऊस. आणि त्यांनी इथे पर्यटक व्हिसावर येऊन प्रयोग करू नये, योग्य व्हिसा घ्यावा, हे त्यांना आत्ताच कळवून ठेवा.

अर्जाबद्दल थोडं. तुम्ही सोबत जोडलेला मसुदा असा सुरू होतो: "आमची संस्था गेली २४ वर्षं बालरंगभूमीची अविरत सेवा करीत असून अनेक पुरस्कारांनी सन्मानित आहे." हे वाक्य काढा. अर्ज वाचणाऱ्यासमोर अशी वाक्यं ढिगाने असतात. त्याऐवजी तिथून सुरू करा जिथून बाईंचं पत्र सुरू होतं. मी असं लिहीन:

"कळव्याच्या शाळेत आमचा नट प्रश्न विचारतो तेव्हा मुलं उत्तर देतात आणि नाटक त्या उत्तराने वळतं. तुमच्या नाट्यगृहात मुलं शांत बसून पाहतात आणि नंतर घरी जाऊन बोलतात. या दोन्ही सवयी कुठून येतात आणि एकाच नाटकात दोन्हींना जागा देता येईल का, हे आम्हाला दहा दिवसांत शोधायचं आहे."

यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. त्यांच्या मुलांची शांतता ही उणीव आहे असं आपण ठरवून जाऊ नये. कदाचित ती मुलं आपल्या मुलांपेक्षा जास्त वेळ एखाद्या दृश्याबरोबर राहू शकत असतील. आपल्यालाही तिथून काही आणायचं आहे, हे लिहिलं तरच ती भागीदारी वाटते.

मग दहा दिवसांचा आराखडा द्या, दिवसवार. चार दिवस त्यांच्या तालमी, दोन शाळा, दोन प्रयोग प्रेक्षकांत बसून, एक दिवस उघडी कार्यशाळा, एक दिवस पुढचं ठरवायला. 'सांस्कृतिक आदानप्रदान' हा शब्द अर्जात कुठेही आला नाही तरी चालेल. शेवटी परत आल्यावर काय करणार ते मोजक्या शब्दांत: महिन्याभरात ठाण्यात नटांसाठी एक कार्यशाळा, एक लेखी टिपण, पुढच्या वर्षी एक छोटा एकत्र प्रयत्न. त्या एकत्र प्रयत्नासाठी पैसे वेगळे शोधावे लागतील. गोएथे इन्स्टिट्यूटने आंतरराष्ट्रीय सहनिर्मितीसाठी स्वतंत्र निधी चालवला आहे, त्याची सध्याची स्थिती त्याच संस्थेच्या मुंबईतल्या काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात समक्ष जाऊन विचारा. फोनपेक्षा भेट बरी. आणि मुलांच्या नाटकाची आसिटेज ही जागतिक संघटना १९६५ पासून काम करते, तिची भारतीय शाखाही आहे, तिथे ओळख असलेली बरी.

व्हिसाचं लवकर सांगते. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा व्हिसा, त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आला तर उशीर झाला समजा, आणि मुंबईत तारीख मिळायलाच वेळ जातो. फी मोठ्यांना ९० युरो, विमा किमान ३० हजार युरोंचा. अर्जात प्रवासाच्या हेतूचा एक रकाना असतो, त्यात 'सांस्कृतिक' असा पर्याय आहे. पटकन सुटेल म्हणून 'पर्यटन'वर खूण करू नका. आमंत्रणपत्र, अनुदानाचं पत्र आणि हा रकाना तिन्ही एकच बोलले पाहिजेत. बोर्डिंग पास जपून ठेवा, बऱ्याच ठिकाणी शेवटचा हप्ता अहवाल आणि पुरावे पाहूनच सुटतो.

निघण्याआधी दोन्ही संस्थांमध्ये एक पानाचा करार करा. एकत्र काही लिहिलं तर ते कोणाचं, मराठीत कोण करणार, जर्मनमध्ये कोण, नावं कशी छापायची. आणि मुलांचं चित्रीकरण. ते लोक पालकांच्या संमतीबद्दल पहिल्याच बैठकीत विचारतील, आपणही विचारलं पाहिजे. कळव्याच्या चित्रीकरणातल्या त्या तिसऱ्या रांगेतल्या मुलाच्या घरी जाऊन संमती घेतली आहे का? नसेल तर या आठवड्यात घ्या. त्याने काकांच्या कारखान्याचं नाव घेतलेलं नाही, तरीही विचारा.

इंग्रजीचं मनावर घेऊ नका. इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नाही, त्याही अडखळतच बोलतील. अर्ज आधी मराठीत लिहा, मनातलं सगळं त्यात येऊ द्या, मग तुमच्या संस्थेतला जो मुलगा ईमेल लिहितो त्याच्याकडून इंग्रजी करून घ्या आणि त्याला सांगा, माझी छोटी वाक्यं मोठी करू नकोस. बोलण्यासाठी ठाण्याचे रात्री साडेआठ घ्या, उन्हाळ्यात तिकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, हिवाळ्यात चार.

ज्या वाचकांकडे असं चालत आलेलं आमंत्रण नाही त्यांच्यासाठी दोन ठिकाणं: ऑन द मूव्ह हे कलावंतांच्या प्रवासाची माहिती देणारं जाळं आणि आशिया-युरोप फाउंडेशनचं कल्चर३६०. दोन्हीकडे अनुदानांची आवाहनं मोफत वाचता येतात. स्वित्झर्लंडची प्रो हेल्वेशिया तिच्या नवी दिल्लीतल्या कार्यालयातून नेमक्या अशाच शोधप्रवासांना मदत करते. पण तिथे जाण्याआधी, तिकडच्या कोणाला विचारण्यासारखा आपला एक प्रश्न हवा.

ताई, आज रात्री जर्मनीला एवढंच कळवा: पत्र मिळालं, प्रश्न आवडला, दोघं येऊ इच्छितो, नावं पंधरा दिवसांत सांगतो. आणि पुढच्या प्रयोगाला कॅमेरा रंगमंचाकडे न लावता मुलांच्या चेहऱ्यांकडे लावा. संमती घेऊन. तीन मिनिटं पुरेत, ती त्यांना पाठवा.